वर्सोवा किनारा आणि मालाड खाडीचं तोंड: पाण्याची पाहणी कुठे, कशी आणि मुख्य म्हणजे कधी करायची?

सातबंगला_सकाळ

नमस्कार मंडळी. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर साधारण अडीच किलोमीटरच्या पट्ट्यात वर्षभर पाण्याची पाहणी करायचं ठरतंय. माणसं बारा. त्यातले दोघे सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीचे विद्यार्थी, बाकीचे सोसायट्यांमधले स्वयंसेवक. वेसाव्याच्या बाजूला मालाड खाडीचं तोंड येतं, शिवाय पुळणीवर उतरणारे नाले आणि पाइप वेगळे. बाहेरच्या प्रयोगशाळेत एका फेरीला आठ-दहा बाटल्यांपेक्षा जास्त नमुने देणं परवडणार नाही.

विचारायचं ते असं:

१. नमुने कुठे घ्यायचे? दर तीनशे मीटरवर एक, असं सरळ वाटून टाकलं तर चालेल का?
२. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी ८ ही वेळ सगळ्यांना सोयीची आहे. काही हरकत?
३. काय काय मोजायचं? प्रयोगशाळेने पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार), सीओडी आणि बीओडी (पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते ते, पहिला रसायनाने आणि दुसरा जंतूंकरवी मोजलेला), कोलिफॉर्म (सांडपाण्याची खूण मानले जाणारे जंतू) असं 'पॅकेज' सुचवलंय.
४. कचरा आणि पावसाळ्यात येणारे ते काळे चिकट गोळे याच पाहणीत धरायचे का?

---

खाडीमुख

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पहिला रविवार विसरा. समुद्राला रविवार कळत नाही, तिथी कळते.

एकाच ठिकाणी सकाळी ८ ला घेतलेलं पाणी एका रविवारी भर भरतीचं, म्हणजे बाहेरून आलेलं समुद्राचं असेल. पुढच्या वेळी तिथेच ओहोटीचं, म्हणजे खाडीतून निघालेलं असेल. ओशिवरा आणि पोयसर या दोन्ही नद्या मालाड खाडीला मिळतात. त्यांच्यातून काय वाहतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ते पाणी ओहोटीबरोबर तोंडाशी येतं आणि किनाऱ्यालगत पसरतं. भरतीची अवस्था न पाहता बारा महिन्यांचे बारा आकडे काढलेत तर आलेख वरखाली नाचेल, आणि पाणी सुधारलं की फक्त भरती होती, हे कोणालाही सांगता येणार नाही.

म्हणून वेळ ओहोटीला बांधा. आपल्याकडचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. पंचमीला ५ गुणिले पाऊण म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती, पुढे सहा तासांनी दहाच्या आसपास ओहोटी पूर्ण. म्हणजे पंचमी-षष्ठीला सकाळी ७ ते ९ ही वेळ नेमकी उतरत्या पाण्याची. शुक्ल आणि वद्य दोन्ही पक्षांत ती मिळते, त्यामुळे दर पंधरवड्याला एक फेरी आपोआप ठरते. हा हिशोब फक्त कॅलेंडरवर खुणा करण्यापुरता. प्रत्यक्ष फेरीची वेळ छापील भरती-तक्ता पाहूनच पक्की करायची, कारण भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, कमी भरतीच्या) दिवसांत तासाभराचा फरक सहज पडतो. सोयीसाठी त्या आठवड्यातला रविवार पकडायचा मोह होईल. चतुर्थी ते अष्टमीच्या आत बसत असेल तरच पकडा.

आता जागा. दर तीनशे मीटरवर काटेकोर वाटणी कागदावर छान दिसते, पण नाला दोन खुणांच्या मधोमध पडला तर तो तुमच्या पाहणीत नसतोच. आधी बाटल्या न घेता एक पायी फेरी मारा. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरा. तेव्हा उधाणाची ओहोटी सकाळी साडेसात-साडेआठच्या सुमारास असते आणि एरवी पाण्याखाली असणारे पाइप उघडे पडतात. प्रत्येक नाला, मोरी, पाइप यांची फोनवरून अक्षांश-रेखांशासह नोंद करा. पाइपचा व्यास, पाणी चालू आहे का, रंग, वास, फेस, तोंडाशी राखाडी शेवाळासारखा थर आहे का, हे लिहा. कोरड्या मोसमात, पाऊस होऊन महिना उलटल्यावरही पर्जन्यवाहिनीतून पाणी चालू असेल तर ते पावसाचं नाही, एवढं नक्की.

वाहतं पाणी किती, हेही मोजा. त्यासाठी यंत्र लागत नाही. नाल्याचा दहा मीटरचा सरळ भाग निवडा, संत्रं सोडा. संत्रं अर्धंअधिक बुडतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही. थर्माकोलचा तुकडा वाऱ्यावर पळतो. पाच वेळा वेळ घ्या. समजा सरासरी २५ सेकंद लागले, तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी पाणी संथ असतं म्हणून ०.८५ ने गुणा, ०.३४ आलं. रुंदी २ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर, तर छेद ०.३ चौरस मीटर. गुणाकार ०.१०२, म्हणजे सेकंदाला १०२ लिटर. त्याच गतीने दिवसभर वाहिला तर सुमारे ८८ लाख लिटर. गुडघ्याएवढाही नसलेला नाला एवढं आणतो, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरं वाटत नाही. खोली मात्र एकाच जागी मोजू नका. काठापासून काठापर्यंत पाच ठिकाणी काठी टेकवून सरासरी घ्या.

या फेरीनंतरच ठिकाणं ठरवा. दहा बाटल्यांत माझी वाटणी अशी: सगळ्यांत मोठ्या दोन नाल्यांत प्रत्येकी एक, भरतीचं पाणी शिरत नाही इतक्या वर. त्या दोन नाल्यांच्या तोंडापासून पन्नास-पन्नास मीटरवर समुद्रात एकेक, ओहोटीचा प्रवाह जिकडे जातो त्या बाजूला. खाडीच्या तोंडाशी एक. लोक सगळ्यांत जास्त उतरतात तिथे एक, मग जवळ नाला असो वा नसो. नाल्यांपासून शक्य तितकं लांब दोन. उरलेल्या दोन बाटल्या तपासणीच्या तपासणीसाठी: एका ठिकाणचा जोडनमुना (तिथेच, त्याच वेळी घेतलेला दुसरा नमुना), आणि एकीत निर्जंतुक पाणी भरून ती किनाऱ्यावर नेऊन, उघडून, बंद करून परत आणायची. त्या कोऱ्या बाटलीत जंतू निघाले तर त्या दिवसाचे बाकीचे आकडेही संशयात. पैसे वाचवायला लोक पहिल्यांदा याच दोन बाटल्या गाळतात.

---

पेट्रीडिश

खाडीमुख यांच्याशी सहमत. जंतूंच्या बाजूचं मी सांगतो.

नमुना घेण्याची रीत: २५० मिलीची निर्जंतुक, रुंद तोंडाची बाटली. नंबर घरून निघण्याआधीच कोरड्या बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात. साधारण एक मीटर खोल पाण्यात, म्हणजे मांडी-कंबरेपर्यंत जा. तोंड येणाऱ्या लाटेकडे करून उभं राहा आणि पायाने उडालेला गाळ खाली बसू द्या. झाकण काढून हातातच, उलटं न करता धरा. बाटली तळाजवळ पकडून तोंड खाली ठेवून एका दमात ३० सेंटिमीटर खाली न्या, तिथे तोंड प्रवाहाकडे आणि थोडं वर वळवा, भरली की बाहेर काढा. वर अडीच सेंटिमीटर मोकळी जागा राहील इतकं पाणी ओतून टाका, कारण प्रयोगशाळेत ती हलवून मिसळावी लागते. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची नाही. रसायनांच्या बाटल्या विसळायची सवय असते, ती इथे आड येते.

खोली प्रत्येक वेळी तीच हवी. घोट्याएवढ्या पाण्यात जंतू कंबरेएवढ्या पाण्यापेक्षा जास्त सापडतात, कारण ओली वाळू स्वतःच जंतूंचं कोठार असते आणि लाट ती ढवळते. लहान मुलं घोट्यापर्यंतच खेळतात, म्हणून तिथलाही नमुना घ्यावासा वाटेल. घ्या, पण वेगळं ठिकाण म्हणून. कंबरेच्या आकड्यांत मिसळू नका. वेळही सकाळचीच ठेवा. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने जंतू झपाट्याने मरतात, दुपारचा आकडा फसवा चांगला येतो.

बाटल्या बर्फाच्या पेटीत, अंधारात, १० अंशांच्या खाली ठेवा. बर्फ वितळून बाटल्या पाण्यात बुडणार नाहीत असं बघा, नाहीतर झाकणातून ते पाणी आत जातं. नमुना घेतल्यापासून सहा तासांत प्रयोगशाळेच्या दारात, आणि त्यानंतर दोन तासांत तपासणीला लागला पाहिजे. शनिवारी दुपारी दिलेला नमुना सोमवारी उघडणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. आधी विचारून घ्या. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का एवढंच विचारू नका. मान्यतेच्या यादीत 'समुद्राचं पाणी' आणि तुम्हाला हवी ती चाचणी, दोन्ही आहेत का ते बघा. पिण्याच्या पाण्याची मान्यता इथे उपयोगाची नाही.

काय मागायचं: विष्ठाजन्य कोलिफॉर्म आणि एंटेरोकोकाय (आतड्यातल्या जंतूंचा दुसरा गट), दोन्ही. पहिला मागायचा कारण आपल्याकडचा निकष त्यावर आहे. दुसरा मागायचा कारण खाऱ्या पाण्यात तो जास्त काळ तग धरतो, म्हणून समुद्रासाठी तोच भरवशाचा. नुसता 'टोटल कोलिफॉर्म' मागू नका, त्यात माती-पाल्यातले जंतूही येतात.

पद्धत एमपीएनची (किती नळ्यांत वाढ झाली त्यावरून जंतूंचा आकडा अंदाजण्याची) असेल तर पहिल्या टप्प्यात ३५ अंशांवर नळ्या, मग ज्यांत वायू धरला त्या ईसी माध्यमात ४४.५ अंशांवर २४ तास. निकालाला तीन दिवस जातात. १०, १ आणि ०.१ मिलीच्या पाच-पाच नळ्या लावल्या तर तक्ता १०० मिलीला १६०० ला संपतो. नाल्याचा नमुना त्याच मापाने लावला की दरवेळी '१६०० पेक्षा जास्त' एवढंच उत्तर येतं आणि वर्षभर तेच येत राहतं. नाल्यासाठी दहा हजारपट ते दहा लाखपटीपर्यंत पातळ करून लावायला आधीच सांगा.

कोलीलर्टसारखे तयार ट्रे वापरणारी प्रयोगशाळा असेल तर समुद्राचं पाणी निर्जंतुक ऊर्ध्वपातित पाण्याने किमान दहापट पातळ केलंच पाहिजे. तसंच लावलं तर समुद्रातले काही निरुपद्रवी जीवाणू खोटा पिवळा रंग देतात. पातळ केल्यावर ९७ खाचांच्या ट्रेची वरची मर्यादा २४१९.६ ची २४,१९६ होते आणि खालची १ ची १०. एंटेरोकोकायचा ट्रे ४१ अंशांवर २४ तास ठेवतात. उबवणी-पेटीत दोन्ही ट्रे एकत्र, एकाच तापमानाला ठेवलेले दिसले तर तो निकाल घेऊ नका.

---

सातबंगला_सकाळ

खूपच उपयोगी, दोघांचेही आभार. दोन शंका. एक, निकष नक्की कोणता? बातम्यांत कधी १००, कधी ५००, कधी २५०० वाचायला मिळतो. दुसरी, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) मोजायचा मीटर एका कॉलेजकडून मिळतोय, मग त्याची चाचणी बाहेर करायची गरज उरत नाही ना?

---

पेट्रीडिश

निकषांचा गोंधळ खरा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनाऱ्याच्या पाण्याचे एसडब्ल्यू-१ ते एसडब्ल्यू-५ असे पाच वर्ग केलेत. आंघोळ, पोहणं, पाण्यातले खेळ यांचा वर्ग एसडब्ल्यू-२. त्यात विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलीला १००, डीओ किमान ४ मिग्रॅ/लि किंवा संपृक्ततेच्या ५० टक्के, यांपैकी जे जास्त ते, पीएच ६.५ ते ८.५, गढूळपणा ३० एनटीयू (गढूळपणाचं एकक), आणि २७ अंशांवर तीन दिवसांचा बीओडी ३ मिग्रॅ/लि.

५०० आणि २५०० हे आकडे सन २००० च्या अधिसूचनेतले, उघड्यावर आंघोळीच्या पाण्याचे: ५०० इष्ट, २५०० कमाल. नदीच्या घाटांसाठी तेच वापरतात. पाणी वाईट निघालं की २५०० शी तुलना करून 'मर्यादेत आहे' म्हणायची सोय होते, म्हणून अहवालात कोणता निकष वापरला ते पहिल्या ओळीत लिहा. ब्लू फ्लॅगचे (स्वच्छ किनाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानांकनाचे) आकडे आणखी वेगळे, १०० मिलीला ई. कोलाय २५० आणि एंटेरोकोकाय १००, तेही एका नमुन्याला नव्हे, मोसमभराच्या नमुन्यांच्या ९५ व्या शतमानाला (शंभरातले ९५ नमुने ज्याच्या आत बसतात त्या आकड्याला) लावायचे.

---

ब्युरेट

मीटरचं मी सांगतो, कारण समुद्रात सगळ्यांत जास्त खोटे आकडे त्यातूनच येतात.

२८ अंशांच्या गोड्या पाण्यात ऑक्सिजनची संपृक्तता साधारण ७.८ मिग्रॅ/लि. त्याच तापमानाला ३५ क्षारतेच्या (किलोला ३५ ग्रॅम क्षार असलेल्या) पाण्यात ती ६.४. मीटरला क्षारता सांगितली नाही तर तो पाणी गोडंच समजतो आणि जवळजवळ वीस टक्के फुगवून दाखवतो. खरा ३.६ असेल तर ४.४ दिसतो, म्हणजे निकषात नापास पाणी पास. मीटरमध्ये क्षारता भरायची सोय असेल तर प्रत्येक ठिकाणी मोजून भरा, सगळीकडे ३५ नाही. सोय नसेल तर तो मीटर नाल्यापुरता वापरा. शिवाय फेरीआधी ओल्या हवेत १०० टक्क्यांवर जुळवून घ्यायचा आणि मीटरच्या टोकाच्या पातळ पडद्यावर बुडबुडा अडकलाय का बघायचं.

मीटरवर लक्ष ठेवायला दर फेरीत दोन ठिकाणी विंकलर (डीओ मोजायची टायट्रेशनची पद्धत) करा, पदवीच्या विद्यार्थ्यांना जमतं. ३०० मिलीची बीओडी बाटली नळीने तळापासून भरायची, वरून दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वाहून जाऊ द्यायचं. मॅंगनीज सल्फेट १ मिली, मग अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिली, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. झाकण, उलटसुलट, चॉकलेटी साका अर्ध्यावर बसेपर्यंत थांबायचं, पुन्हा हलवायचं. साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन नाहीच. मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल १ मिली. हे किनाऱ्यावरच उरकायचं. हातमोजे आणि चष्मा हवा. आम्ल घातल्यावर बाटली अंधारात ठेवून काही तासांनी टायट्रेशन केलं तरी चालतं. २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने केलं तर जितके मिली लागले तितकाच डीओ मिग्रॅ/लि मध्ये, हिशोब करावा लागत नाही. काळ्या, सडक्या अंड्याच्या वासाच्या नाल्यात विंकलर करू नका. सल्फाइड आयोडीन खाऊन टाकतं. तिथे डीओ शून्याजवळच आहे, ते नाकानेही कळतं.

आता तुमचं 'पॅकेज'. टीडीएस काढून टाका, समुद्र खारट आहे हे कळायला पैसे कशाला? सीओडी तर नक्कीच काढा. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९,००० मिग्रॅच्या आसपास क्लोराइड असतं आणि नेहमीच्या डायक्रोमेट पद्धतीत प्रत्येक मिग्रॅ क्लोराइड ०.२२६ मिग्रॅ ऑक्सिजन खातं. म्हणजे सांडपाण्याचा थेंब नसताना चार हजारांवर खोटा सीओडी. मर्क्युरिक सल्फेट घालून लिटरला दोनेक हजार मिग्रॅपर्यंतचं क्लोराइड दबतं, त्यापुढे नाही. ठिकाण बदललं की क्लोराइड बदलतं, खोटेपणाही बदलतो. नाल्याच्या गोड्या पाण्याचा सीओडी मात्र घ्या.

बीओडी समुद्रातल्या ठिकाणी दर फेरीला नको. तीन दिवसांत ऑक्सिजन किमान २ मिग्रॅ उतरला आणि शेवटी किमान १ उरला, तरच आकड्याला अर्थ. स्वच्छ ठिकाणी तो उतरत नाही आणि प्रयोगशाळा तरीही १.३ छापून देते. नाले आणि खाडीच्या तोंडाचा घ्या.

वाचलेल्या पैशांत एक हातातला रिफ्रॅक्टोमीटर घ्या, ० ते १०० क्षारतेचा, तापमान आपोआप सुधारणारा. या पाहणीतलं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत बोलकं साधन तेच. ऊर्ध्वपातित पाण्याने शून्यावर लावायचा, प्रत्येक वेळी. समुद्रात लांबवर ३५ आणि नाल्यापासून पन्नास मीटरवर २८ आलं, तर २८ भागिले ३५ म्हणजे ०.८, पाचातला एक भाग पाणी जमिनीवरून आलंय. कोरड्या दिवसांत अर्ध्या तासात वीस ठिकाणी थेंब टाकून नाल्याचं पाणी कुठवर पसरतं त्याचा नकाशा होतो, आणि बाटल्यांच्या जागा त्यावरून ठरवता येतात.

पण त्याची मर्यादा ओळखा. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलीला दहा लाख ते एक कोटी विष्ठाजन्य कोलिफॉर्म असतात. ते शंभरवर यायला किमान दहा हजारपट पाणी मिसळलं पाहिजे. रिफ्रॅक्टोमीटरला एक युनिटचा फरक जेमतेम दिसतो, म्हणजे पस्तीसातला एक भाग. क्षारता ३५ दिसतेय म्हणून पाणी स्वच्छ, असं म्हणता येत नाही. क्षारता कमी असेल तर घाण आहे, एवढंच ती सांगते.

गढूळपणाबद्दल एक इशारा. इथला किनारा गाळाचा, भरतीओहोटीचा ओढ मोठा. उधाणात सांडपाण्याशिवायही ३० एनटीयू ओलांडले जातात. गढूळपणा नोंदवा, त्यावरून मथळा करू नका. त्यापेक्षा अमोनिया मोजलात तर सांडपाण्याचा ताजा माग लागतो. खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाचा रंगाचा संच संशयापुरता चालतो, आकडा छापायचा तर प्रयोगशाळेतून घ्या.

---

पुळणवाट

कचरा आणि गोळे याच फेरीत धरा, पण माणसं वेगळी ठेवा. पाण्याचे नमुने घेणाऱ्याने कचरा उचललेल्या हातमोज्यांनी बाटलीला हात लावायचा नाही.

कचऱ्यासाठी १०० मीटरचा एकच पट्टा कायमचा ठरवा, भिंतीवरच्या किंवा दिव्याच्या खांबाच्या खुणेपासून. पाण्याच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठी प्रत्येक वस्तू मोजायची. आधी मोजणी, मग वजन, आणि वजन वाळूतून झटकून, वाळवून. ओल्या गोणीत निम्मं वजन वाळू-पाण्याचं असतं. 'इतके टन उचलले' या आकड्यावरून पाहणी होत नाही, ती सफाई झाली. मासेमारीची जाळी आणि दोरखंड वेगळे मोजा, कारण पिशव्या-सॅशे खाडीतून येतात आणि जाळी बोटींवरून; उपाय वेगळे. महापालिकेचं यंत्र पुळणीवर फिरण्याआधी पोचा, नाहीतर शून्य मोजाल. आधीच्या सफाईला किती दिवस झाले तेही लिहा.

काळे गोळे म्हणजे टारबॉल. समुद्रात सांडलेलं किंवा जहाजांनी सोडलेलं तेल हलके घटक उडून घट्ट होतं आणि मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागतं. हे सगळं कोकण-गोव्यालाही येतं, तुमच्या नाल्यांशी त्याचा संबंध नाही, म्हणून आकडे स्वतंत्र ठेवा. भरतीच्या रेघेवर एक मीटर बाय एक मीटरची चौकट दहा ठिकाणी टाकून गोळे मोजा, सगळ्यांत मोठ्याचा व्यास लिहा. तपासणीला पाठवायचे तर धातूच्या चमच्याने उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवले तर पिशवीतलीच रसायनं नमुन्यात उतरतात. पायाला लागला तर खोबरेल तेल चोळून पुसायचा. रॉकेल लावू नका.

मायक्रोप्लॅस्टिक करायचा मोह होईल, पहिल्या वर्षी करू नका. मिठाच्या संपृक्त द्रावणात वाळू ढवळून तरंगणारे कण वेचायची पद्धत सोपी वाटते, पण त्या द्रावणाची घनता १.२ आणि पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक १.३८. ते तळाशीच राहतं आणि 'बाटल्यांचे तुकडे नाहीत' असा निष्कर्ष निघतो.

---

खाडीमुख

दोन गोष्टी राहिल्या होत्या.

पाऊस. फेरीच्या आधीच्या ७२ तासांत किती मिलिमीटर झाला तो आकडा प्रत्येक नोंदीत हवा. पाऊस झालेल्या फेऱ्या टाकून देऊ नका, वेगळ्या गटात ठेवा. पहिल्या जोरदार पावसाचं पाणी सगळ्यांत वाईट असतं, कारण आठ महिने गटारात साचलेला गाळ एकदम निघतो. त्या एका नमुन्याने वर्षाची सरासरी बिघडते, आणि तो नमुना नसेल तर वर्षाचं चित्र अपुरं. गणपती विसर्जनासाठी विसर्जनाआधी, विसर्जनाच्या दिवसांत आणि नंतर अशा तीन फेऱ्या लावा, तिथे तिथीचा नियम शक्य तेवढाच पाळता येईल.

सुरक्षा. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचं नाही, आकडा कितीही महत्त्वाचा असो. धक्क्यावरून किंवा खडकावरून तीन मीटरच्या बांबूला बाटली पकडीने बांधून नमुना घ्या आणि नोंदीत 'बांबूने' असं लिहा. एरवीही एकट्याने उतरू नये. एक पाण्यात, एक काठावर बाटल्या आणि वही घेऊन. वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे तळाशी बसलेला पाकट आधीच सरकतो. पावसाळ्यात निळ्या फुग्यांसारखे दिसणारे ब्लूबॉटल किनाऱ्याला लागतात, वाळूत मेलेलेही डसतात. नाल्यात काम करणाऱ्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन आणि कावीळ-अ ची लस घेतलेली असावी. पायाला जखम असेल त्या दिवशी वही सांभाळायची.

---

सातबंगला_सकाळ

शेवटचं. वर्षाअखेर २४ फेऱ्यांचे आकडे हातात असतील तेव्हा सरासरी कशी काढायची? एखादा आकडा हजारांत गेला तर तो चूक म्हणून काढायचा का?

---

पेट्रीडिश

काढायचा नाही. जंतूंची साधी सरासरीही काढायची नाही. समजा पाच फेऱ्यांत ४०, ८०, ६०, १०० आणि ९००० आले. साधी सरासरी १८५६, जी पाचपैकी एकाही दिवसाचं वर्णन करत नाही. प्रत्येकाचा लॉगॅरिदम घेऊन सरासरी आणि पुन्हा उलटा केला की भूमितीय सरासरी १७७ येते. अहवालात ती द्या, सोबत सगळ्यांत मोठा आकडा तारखेसह द्या आणि १०० च्या वर किती फेऱ्या गेल्या ते द्या. ९५ वं शतमान हवं तर लॉगच्या सरासरीत प्रमाण विचलनाची १.६५ पट मिळवून उलटं करा. '१० पेक्षा कमी' आलेल्या जागी १० धरा, शून्य नाही. शून्याचा लॉग निघत नाही.

शिवाय एमपीएन हा अंदाज आहे हे विसरू नका. पाच नळ्यांच्या तक्त्यात ५० आला तर खरा आकडा वीसच्या खालीही असू शकतो आणि दीडशेच्या जवळही. गेल्या पंधरवड्यात ५०, आज ८० म्हणून 'पाणी बिघडलं' असं लिहू नका. ५० चे ५००० झाले तर लिहा, आणि आधी त्या दिवशीची कोरी बाटली आणि जोडनमुना बघा.

---

खाडीमुख

वहीतली एक ओळ कशी असावी त्याचा नमुना देतो, हाच साचा सगळ्यांना छापून द्या:

'ठिकाण ४, नाला २ पासून दक्षिणेला ५० मी. वद्य पंचमी. तक्त्यानुसार भरती ३:५०, ओहोटी १०:०५. नमुना ७:४०, खोली १ मी., कंबर, हाताने. हवा २४, पाणी २७. क्षारता २९. डीओ ४.१, क्षारता भरून, विंकलर ३.९. वारा वायव्य, मंद. ७२ तासांत पाऊस ०. पाण्यावर पातळ तेलकट तवंग, वास नाही. पन्नास पावलांत कुत्री ६, पोहणारे ११. बाटली १७, जोड १८. पेटीत ७:४४.'

पेन्सिलीने लिहा. शाई पहिल्याच लाटेला पसरते. आणि पाणी वही धरणाऱ्याने चाखून क्षारता सांगायची नाही, हे नव्या माणसाला दरवेळी आधी सांगावं लागतं.